चार तुकडे हिरवळ

ख्वा दारात उभा, बगलेत चार तुकडे,
एकेक पायपुसण्याएवढा.
"हाताने बघू नका," म्हणाला, "हाताला सगळेच मऊ लागतात."
बापाची कोळंबीची होडी विकून
हा पोरगा गॅल्व्हेस्टनमध्ये प्लॅस्टिकचं गवत विकतो.
वासातलं त्याला कळतं.

सव्वीस वर्षं मी बोलिव्हरच्या फेरीबोटीवर दोर बांधले,
शेवटची सहा गंबोला पायाशी घेऊन.
डेक कसा असावा, मला विचारा:
पाणी आलं तसं गेलं पाहिजे.
अंगणाचं मात्र कधी जमलं नाही.
एका वादळात समुद्र पायरीपर्यंत आला
आणि परत जाताना गवताची मुळं खारवून गेला.
उरल्यासुरल्यावर तपकिरी चट्टे,
मे ते ऑक्टोबर नुसता राडा,
गंबोच्या बोटांच्या बेचक्यांत लाल ओल,
रात्रभर चाटण्याचा आवाज,
जणू कुणी अंधारात पाकिटं चिकटवतंय.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पंजे कोरडे ठेवा.
मी म्हटलं, या बेटावर?
इथं मीठ कोरडं राहावं म्हणून त्यात तांदूळ घालतात.

तर परीक्षा घेतली.
पहाटे पळीत गंबोची शू धरली
(त्याने असं पाहिलं की मीच लाजले),
चारी तुकड्यांवर मोजून ओतली,
झाकणाच्या चार डब्यांत, दोन दिवस,
मागच्या ओट्यावर, जुलैत.
बहीण ओडेसा आली. काय मुरत घातलंयस गं?
मी पहिलं झाकण उघडलं.
ओडेसा त्यानंतर ऑगस्टातच आली.

पहिला उंच, दाट, मखमली;
डोळ्यांतून पाणीच काढलं त्याने.
दुसऱ्याच्या पाठीला चार-चार बोटांवर भोकं,
मधल्या जागेत सगळं तुंबून बसलेलं
नगरपालिकेतल्या अर्जासारखं.
तिसऱ्यात वाळू. वाळूला धरलेलं सोडता येत नाही,
हे किनाऱ्यावर वाढलेल्या बाईला कुणी सांगायला नको.
चौथा खुरटा, नुकत्याच भादरलेल्या पोरासारखा,
पाठ सगळी जाळीदार, पात्यांत राखी खडे.
नाक आत घातलं.
वास होता, पण निघायच्या तयारीत.
तोच दुपारी उन्हात टाकून अनवाणी उभी राहिले.
अकराला पाय उचलला.
"अकरा चांगले," ख्वा म्हणाला. "माझी आई सातला उडी मारते."

खाली खडी, वर सावलीला शिडाचं कापड,
घराकडून कुंपणाकडे बोटभर उतार.
उतार मीच धरला, पाणसळ लावून.
त्या बाबतीत मी कुणावर विश्वास टाकत नाही.

आणि गंबो?
गंबो कडेला येऊन थांबला,
नव्या घरात चपला कुठे काढायच्या
हे न कळलेल्या पाहुण्यासारखा.
नऊ दिवस शेजारच्या कण्हेरीपाशी जाऊन आला,
हिरव्यावर पाऊल नाही.
ओडेसा म्हणाली, बावीसशे डॉलर घातलेस,
आणि याचं माहेर चिखलातच.

दहाव्या पहाटे धुकं.
झोप नव्हती, म्हणून नळी लावली,
अंगणभर पाणी मारत गेले,
कोपऱ्यातून कोपऱ्याकडे, हाताला सवयीचं.
ओलं प्लॅस्टिक, खारी हवा.
खाडीतून पहिल्या फेरीचा भोंगा वाजला
आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "दोर सोडा!"

गंबो ओट्यावरून उतरला.
थेट चालत गेला पुढच्या टोकाला,
कुंपणाच्या कोनात, जिथे नाळ असायची.
धुक्याकडे तोंड करून उभा राहिला जरा वेळ.
मग पाय वर केला.

आता रोज पाचला धुते.
सप्टेंबरात तरीही वास येतो थोडा.
ख्वाला फोन केला तर म्हणाला,
"बाई, समुद्रालाही येतो."